टेलिफोन ऑपरेटर रुबी मायर्स

मूकपटांच्या जमान्यातल्या सुलोचनाबद्दलचा एक फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर अधूनमधून फिरून येतो. गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता, शेवरलेट गाडी होती, लोक वेडे झाले होते, आणि शेवटी बिचारी एकटीच गेली. खाली हात जोडलेले आणि रडणारे चेहरे. दर वेळी वाचून मला चीड येते. वर चढली, खाली आली, संपली, एवढीच गोष्ट, आणि मधली एवढी वर्षं कुठे गेली ते कोणी विचारतच नाही. अहो, १९२५ साली जिचा पहिला सिनेमा आला ती १९७८ सालीसुद्धा पडद्यावर आहे. मधल्या काळात ती काय करत होती? कामावर जात होती. यात बिचारी काय आहे?

मी स्वतः टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, आधी मुंबईला ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल जोडायच्या बोर्डावर, आणि नंतर ठाण्यात, रिटायर होईपर्यंत. म्हणून हे लिहावंसं वाटलं. त्या फॉरवर्डमध्ये एक ओळ हमखास असते की सिनेमात येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. लोक ती ओळ पटकन ओलांडून पुढे जातात, पगाराकडे, गाडीकडे. माझं मन मात्र तिथेच अडकतं.

आधी एक सांगून टाकते, कारण घरात हा विषय काढला की गोंधळ होतोच. ही सुलोचना म्हणजे आपल्या सगळ्यांच्या लाडक्या सुलोचनादीदी नव्हेत, आणि लावणीवाल्या सुलोचना चव्हाणही नव्हेत. त्या दोघींच्या कितीतरी आधीची ही. खरं नाव रुबी मायर्स, जन्म १९०७ चा, पुण्याचा, घर बगदादी ज्यू.

आता ठाण्यात राहणाऱ्याला ज्यू म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला आपण रांगेत उभे राहतो तिथून दोन पावलांवर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शआर हाशामाईम, १८७९ चं. आमच्याकडचे ज्यू बहुतेक बेने इस्राएल, म्हणजे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला ज्यांची गलबतं फुटली अशी कथा सांगतात ते, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. आडनावं पेणकर, चेऊलकर, नवगावकर. मराठी आपल्यापेक्षा शुद्ध, निदान माझ्यापेक्षा तरी. बगदादी ज्यू वेगळे. ते इराककडून खूप नंतर आले, ससूनबिसून त्यांच्यातले, मुंबई पुणे कलकत्त्याला राहिले, घरात इंग्रजी आणि अरबी. रुबी त्यांच्यातली.

हे मला कळलं ते माझ्या डिपार्टमेंटमधल्या मैत्रिणीमुळे. ती ठाण्यातल्याच चरईतली, बेने इस्राएल. शुक्रवारी संध्याकाळची ड्युटी तिला नको असायची, मला रविवारची नको असायची, आमची अदलाबदल कायमची ठरलेली. नवस फेडला की तिच्याकडे मलिदा व्हायचा, भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, गूळ, वर फळं, मधोमध एक गुलाबाचं फूल, आणि माझा डबा वेगळा काढून ठेवलेला असायचा. तिच्या आईला मीही आईच म्हणायचे. या आईंना सिनेमाचं भयंकर वेड. एकदा दूरदर्शनवर जुना अनारकली लागला होता, १९५३ चा, बीना राय आणि प्रदीप कुमारचा. मी तिथेच होते. सगळे बीना रायकडे बघत होते आणि आई मधेच म्हणाल्या, "अगं ती सलीमची आई आहे ना, ती आधी अनारकली होती."

मला वाटलं काहीतरी गल्लत करतायत. त्या म्हणाल्या, "गल्लत कसली? लहान होते तेव्हा मी स्वतः बघितलाय. ती आमची रुबी." मग थोडं थांबून, "आमची म्हणजे, बगदादी. पण आमचीच की."

त्या बोलल्या ते शंभर टक्के खरं होतं, आणि खरं तर त्याहूनही जास्त होतं. सुलोचना एकदा नाही, दोनदा अनारकली झालेली. १९२८ साली मूकपटात आणि १९३५ साली बोलपटात. आणि तिसऱ्यांदा १९५३ मध्ये तोच राजवाडा, तीच गोष्ट, फक्त आता ती सलीमची आई. आईंनी लहानपणी बघितला तो ३५ चा असणार. तो मूकपट बघितलेलं माणूस मला आयुष्यात कधी भेटलं नाही.

आता टेलिफोनकडे येते.

ज्यांनी फक्त मोबाइल बघितलाय त्यांना हे काम कळायचं नाही म्हणून सांगते. समोर उभा बोर्ड, त्यावर जॅकच्या ओळीच्या ओळी, खाली कॉर्डच्या जोड्या. दिवा लागला की एक कॉर्ड उचलून त्या जॅकमध्ये घालायची, खटका पुढे ओढायचा आणि बोलायचं. आमच्या वेळी ट्रंक कॉल १८० वर बुक व्हायचा, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, जसा पैसा तशी घाई. प्रत्येक कॉलचं तिकीट लिहायचं, तीन मिनिटं झाली की मधे जाऊन विचारायचं, वाढवायचं का. कानावर हेडसेट, पाठीमागे सुपरवायझर फिरत असायच्या. आठ तास तुम्ही फक्त आवाज. पलीकडच्याला तुमचं तोंड दिसत नाही, नाव माहीत नाही, तुम्ही रडून आलात का उपाशी आहात त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. वैतागलेला व्यापारी, पहाटे पहाटे गावाकडून मयताची बातमी सांगणारा मुलगा, सगळ्यांशी एकाच सुरात बोलायचं. हा सूर लावायला शिकावं लागतं. तो उपजत कोणाचाच नसतो. नव्या मुलींचा आवाज पहिले काही आठवडे घशातच अडकायचा.

रुबीच्या काळात तर सगळंच हाताने जोडायचं, साधा लोकल कॉलसुद्धा. आणि बाईमाणसाने घराबाहेर पडून करायची जी थोडी कामं तेव्हा होती, शिक्षिका, नर्स, टायपिस्ट, त्यात हे एक. इंग्रजी येणाऱ्या मुली लागायच्या म्हणून अँग्लो इंडियन, ज्यू, पारशी मुली जास्त. नोकरी चांगली, इभ्रतीची. कारण तोंड दिसत नाही ना!

तर अशा मुलीकडे कोहिनूर फिल्म कंपनीचे मोहन भवनानी आले आणि म्हणाले सिनेमात ये. तिने नाही म्हणून सांगितलं. फॉरवर्डमध्ये हे कधीच नसतं. अभिनयातलं तिला ओ की ठो माहीत नव्हतं ही एक गोष्ट, आणि दुसरी म्हणजे बाईने सिनेमात काम करणं तेव्हा वाईटच समजायचे. किती वाईट, त्याचा अंदाज यायला बारा वर्षं मागे जायला हवं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना राजा हरिश्चंद्रसाठी तारामती मिळेना. चांगल्या घरच्या सोडाच, ज्यांना समाजाने आधीच बाजूला काढलं होतं त्या बायकाही तयार होईनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षीच्या मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी, या मायलेकी पडद्यावर आल्या आणि आपल्याकडे बाईचं काम बाईने करायला सुरुवात झाली. पण त्या दोघी नाटक कंपनीतल्या होत्या, दुर्गाबाई एकटीने मुलगी वाढवत होत्या, त्यांना लोकांच्या बोलण्याची भीती घालून उपयोग नव्हता. बाकीच्या घरांची दारं बंदच राहिली.

म्हणून मग विसाच्या दशकात पडद्यावर बघाल तर पेशन्स कूपर, रेने स्मिथची झालेली सीतादेवी, आणि रुबी मायर्सची झालेली सुलोचना. या मुलींनी तेव्हा काम केलं नसतं तर आपला सिनेमा अजून किती वर्षं साडी नेसलेल्या पुरुषांवर चालला असता देव जाणे. आणि त्याचं श्रेय आपण त्यांना देतो का? नावं बदलून घेतली आणि मग विसरून गेलो.

भवनानी चिकाटीचे निघाले. पुन्हा पुन्हा विचारत राहिले, शेवटी ती हो म्हणाली. १९२५ मध्ये वीर बाला आला. पुढच्याच वर्षी चंदुलाल शहांचा टायपिस्ट गर्ल, त्यात सुलोचना आणि गोहर दोघी. त्याच सुमारास सिनेमा क्वीन. नावं बघा जरा. टायपिस्ट गर्ल, आणि पुढे इंदिरा बी.ए. पौराणिक सिनेमांच्या भाऊगर्दीत ही मुलगी ऑफिसात जाते, ही मुलगी शिकलेली आहे, ही मुलगी कमावते. आज सकाळी ठाणे स्टेशनवर लेडीज स्पेशलला लटकणाऱ्या हजारो बायका बघताना आपल्याला काही वाटत नाही, पण १९२६ साली अशी बाई पडद्यावर बघणं हे लोकांना राक्षस आणि अप्सरा बघण्याइतकंच नवलाचं असणार. आणि ती बाई खरोखरच नोकरी सोडून आलेली! खुर्चीवर कसं बसायचं, साहेबाने हाक मारली की मान किती वळवायची, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

१९२७ मध्ये, ती तोवर अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेली होती, तिथे भवनानींनीच वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे काढला. त्यात तिने आठ सोंगं केली. माळी, पोलीस, हैदराबादी सज्जन, रस्त्यावरचं पोरगं, गोरी मड्डम, म्हातारी केळेवाली, सराईत पाकीटमार वगैरे. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ त्यावरच विचार करत बसले. वय वर्ष वीस. आवाज नाही. म्हणजे आपण आज नकला करतो तेव्हा अर्ध काम आवाज करतो ना, हैदराबादी बोली काढली की झाला हैदराबादी, घसा खरखरवला की म्हातारी. तिच्याकडे ते काहीच नाही. केळेवालीचं म्हातारपण पाठीत दाखवायचं, पाकीटमार बोटांत, पोलीस छातीत. आणि तेही उन्हात, कारण तेव्हा बरंचसं शूटिंग सूर्याच्या उजेडावर चालायचं, आरशासारखे पत्रे धरून तोंडावर ऊन फिरवायचे, कॅमेरा हाताने फिरवायचा. एवढ्या उन्हात डोळे न मिचकावता आठ वेगवेगळी माणसं!

ज्या मुलीने नोकरीत फक्त आवाज विकला होता, तोंड कोणाला दाखवलं नव्हतं, ती आता फक्त तोंड दाखवून पोट भरत होती आणि आवाजाला काडीची किंमत नव्हती. मला ही गोष्ट कायम चक्रावून टाकते. आम्हा ऑपरेटरांची एक सवय असते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. बोलताना आम्ही बोर्डासमोर तोंड वेडंवाकडं करतो. गिऱ्हाईक शिव्या घालत असतं आणि आम्ही आवाज साखरेसारखा ठेवून शेजारणीकडे बघून डोळे फिरवतो, भुवया उडवतो, ओठ मुडपतो, अख्खं संभाषण शेजारणीला नुसत्या चेहऱ्याने सांगतो. कानावर हेडसेट असल्यामुळे शेजारणीशी बोलता येत नाहीच. तिच्या एक्स्चेंजमध्येही पोरी हेच करत असणार असं मला अगदी मनापासून वाटतं. लोक म्हणतात तिला अभिनयाचं शिक्षण नव्हतं. मला ते तितकंसं पटत नाही.

मग आर. एस. चौधरींबरोबरचे तीन सिनेमे, माधुरी, अनारकली, इंदिरा बी.ए., १९२८ आणि २९, आणि ती शिखरावर पोचली. महिना पाच हजार रुपये पगार म्हणतात. मुंबईच्या गव्हर्नरलाही तेवढा नव्हता असं सांगतात, ती दंतकथा म्हणून ठेवू बाजूला, पण १९३० च्या आसपास पाच हजार म्हणजे काय हे सांगायला दंतकथेची गरजच नाही. लोकप्रियता एवढी की महात्मा गांधींनी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन केलं त्याची छोटी फिल्म दाखवायची होती, तर तिच्याबरोबर माधुरीतला सुलोचनाचा नाच आवाजाची जोड देऊन दाखवला. गांधीजी आणि सुलोचना एका तिकिटात.

आणि मग १४ मार्च १९३१. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमात आलम आरा लागला. आपला पहिला बोलपट, आणि काढला कोणी तर इंपीरियलनेच, अर्देशीर इराणींनीच. म्हणजे तिच्याच कंपनीने. स्टुडिओ केनेडी ब्रिजजवळ, रेल्वे लाइनला खेटून, म्हणून आवाज रेकॉर्ड करायचा तर लोकल बंद झाल्यावर रात्री एक ते पहाटे चार अशी शूटिंग करायचे. हिरो मास्टर विठ्ठल, हिरोईन झुबेदा. कंपनीची सगळ्यात मोठी, सगळ्यात जास्त पगाराची नटी सुलोचना, ती नाही. कारण बोलायचं हिंदुस्तानीत, आणि तिला ती धड येत नव्हती.

विचार करा, वय चोवीस. सहा वर्षांत जे मिळवलं ते सगळं एका सिनेमाने जुनं झालं. आजूबाजूला कितीतरी जणी आणि जण तेव्हा गेले, अगदी कायमचे. तिने काय केलं, तर सुट्टी घेतली. वर्षभर कामच थांबवलं आणि हिंदुस्तानी शिकायला बसली.

फॉरवर्ड लिहिणाऱ्यांना या वर्षात काही रस नसतो कारण त्यात ना गाडी आहे ना रडारड. माझ्या मते मात्र तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वर्ष हेच. मला त्याची थोडी कल्पना आहे म्हणून म्हणते. एसटीडी आलं, म्हणजे लोक ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन लावू लागले, मग सगळी एक्स्चेंजेस इलेक्ट्रॉनिक झाली, बोर्ड निघाले, आणि आम्हा बायकांना सांगितलं की आता कॉम्प्युटर शिका. चाळिशीच्या बायका आम्ही, घरी दहावी बारावीची पोरं, आणि ट्रेनिंगला आमच्यासमोर बावीस चोवीस वर्षांचा शिकवणारा. माऊस हातात धरताना हात थरथरायचा. काल आपण नव्या पोरींना शिकवत होतो आणि आज आपल्यालाच बटण कुठलं दाबायचं कळत नाही, यात जी लाज असते ना, ती कामाच्या कष्टापेक्षा जड जाते. काही जणींनी तेव्हा व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा विचार सुरू केला, काही बदली मागून गेल्या. माझी मैत्रीण म्हणायची, अगं शिकायचं, त्यात काय, आपल्याला काय कोणी ओळखतंय. आम्हाला कोणी ओळखत नव्हतं हे खरंच. रुबीला सगळे ओळखत होते. जिचे फोटो घरोघरी, ती मास्तरांसमोर बसून लहान मुलांसारखी बाराखडी गिरवतेय, उच्चार सुधारून घेतेय, आणि बाहेर सगळे वाट बघतायत की ही बोलणार तरी कशी.

आणि ती आली. १९३२ मध्ये माधुरी, पुन्हा, बोलता. १९३४ मध्ये इंदिरा, आणि या वेळी बी.ए. नाही, इंदिरा एम.ए.! मला ही गोष्ट इतकी आवडते. दोन्हीच्या मधे ती खरंच वर्षभर शिकून आली होती की. १९३५ मध्ये अनारकली, १९३६ मध्ये वाइल्डकॅटचाच बोलपट, बम्बई की बिल्ली. स्वतःचे गाजलेले मूकपट एकेक करून तिने आवाजात पुन्हा उभे केले, पगार पुन्हा पाच हजार, गाडी आली ती याच काळात. लोक म्हणतात बोलपट आला आणि सुलोचना संपली. तारखा लावून बघा, कुठे संपली?

उतार त्यानंतर लागला, आणि तो कोणाला चुकलाय. डी. बिलिमोरिया हे तिचे हिरो, १९३३ पासून १९३९ पर्यंत दोघांनी फक्त एकमेकांबरोबरच कामं केली, पडद्याबाहेरही प्रेम होतं, ते तुटलं आणि दोघांचंही कामातलं नशीब त्याबरोबर फिरलं. रुबी पिक्स नावाची स्वतःची कंपनीही तिने काढून बघितली होती. नव्या नट्या आल्या, गाणाऱ्या आल्या. मग हळूहळू बाजूच्या भूमिका. १९४७ मध्ये दिलीपकुमार आणि नूरजहाँचा जुगनू आला, त्यात ती होती, आणि त्या सिनेमावर मोरारजी देसाईंनी मुंबईत बंदी घातली. कारण काय, तर एक उतारवयातला प्राध्यापक आपल्याबरोबरच्या बाईवर, म्हणजे सुलोचनावर, भाळतो. चाळिशीच्या बाईवर कोणी प्रेम करतं हे दाखवणं अनीतीचं! चाळिशीच्या बाईने राबायचं चालतं, रात्रपाळी केलेली चालते, तिच्याकडे कोणी कौतुकाने बघितलं की समाज बिघडतो. हे वाचून मला झालेला संताप अजून गेलेला नाही.

तर १९५३ चा अनारकली. आईंनी दाखवला तो. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल. आता पंचवीस वर्षांपूर्वी आपण ज्या गोष्टीची नायिका होतो, त्याच गोष्टीच्या सेटवर सासूचं काम करायला जायचं. मेकअप रूममध्ये शेजारी कोवळी बीना राय अनारकलीचे दागिने घालतेय. मी आधी हे असंच रंगवून बघायचे आणि गलबलून यायचं. नंतर कितीदा तरी तो सिनेमा बघितला, आता यूट्यूबवर आहे, थांबवून थांबवून बघता येतो. तिच्या चेहऱ्यावर मला ते काही सापडत नाही हो. ती सलीमची आई आहे, एवढंच. नवरा बादशहा, मुलगा हट्टी, दोघांच्या मधे सापडलेली बाई. जुन्या अनारकलीची सावलीसुद्धा पडू देत नाही. मागे जो सूर म्हटला ना मी, घरून काहीही होऊन आलं तरी बोर्डावर लावायचा, तो मला तिथे ऐकू येतो.

तिचं मूळ काम मात्र आपल्याला बघता येत नाही, हे दुःख खरंच आहे, आणि रडायचंच असेल तर लोकांनी याच्यासाठी रडावं. आपल्याकडे १९१३ पासून चौतीसपर्यंत साधारण तेराशे मूकपट निघाले आणि त्यातले पूर्ण अर्धवट मिळून तीसही उरलेले नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, बघता बघता पेट घेणारी, ओल लागली की चिकट होऊन पावडर होणारी. आग लागून गोदामं गेली. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही, तर त्यातली चांदी काढायला रिळं विकली. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह निघालं १९६४ साली, पी. के. नायरांनी गावोगाव फिरून जे वाचलं ते गोळा केलं, पण तोवर उशीर झाला होता. वाइल्डकॅटमधली ती आठ माणसं गेली. केळेवाली म्हातारी गेली, हैदराबादी गेला. फोटो आहेत, पोस्टर आहेत, पण ते हलत नाहीत. जिचं सगळं कौशल्य हालचालीत होतं तिचे आपल्याकडे स्तब्ध फोटो उरावेत, याच्याइतकं वाईट मला दुसरं काही वाटत नाही. ती एकटी गेली म्हणून काय सांगता? १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत आपल्या घरी गेली, शहात्तर वर्षांची होऊन. शहरात अशी कितीतरी माणसं जातात. तिचं काम गेलं त्याबद्दल कोणी फॉरवर्ड काढत नाही.

१९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. देविकाराणींनंतर तो मिळालेली ती दुसरी बाई. ज्या फाळक्यांना तिच्या पहिल्या सिनेमाच्या बारा वर्षं आधी एक नटी मिळत नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार नोकरी सोडून नटी झालेल्या रुबीला. २०१३ मध्ये पोस्टाने तिचं तिकीटही काढलं. मैत्रिणीच्या मुलाकडे ते आहे, तो आता इस्राएलला असतो, ठाण्यातले कितीतरी ज्यू तिकडेच गेलेत, आणि सुट्टीत आला की मला चरईतल्या त्यांच्या जुन्या चाळीच्या जागी उभा राहिलेला टॉवर दाखवून हळहळतो.

पुरस्कारानंतर माणूस घरी बसतो. हिने १९७५ मध्ये ज्यूलीत काम केलं. १९७८ मध्ये खट्टा मीठा. हा बासू चटर्जींचा सिनेमा बहुतेकांनी टीव्हीवर बघितला असेल, अशोक कुमार आणि पर्ल पदमसी, म्हातारपणी लग्न करणारं पारशी जोडपं, दोघांची मिळून पोरांची पलटण. मागच्या पावसाळ्यात लाइट नव्हती तेव्हा सुनेच्या मोबाइलवर आम्ही दोघींनी तो पुन्हा बघितला, मी तिला मुद्दाम बघायला लावला. यात प्रदीप कुमार आहे, १९५३ चा तो सलीम, म्हणजे रुबीचा पडद्यावरचा मुलगा. यात डेव्हिड आहेत, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, बूट पॉलिशमधले जॉन चाचा, आपल्या ठाण्यात जन्मलेले बेने इस्राएल. आणि यात एकाहत्तर वर्षांची रुबी आहे, छोटंसं काम, चष्मा लावून बघितलं नाही तर निसटून जाईल. सुनेला मी बोट ठेवून दाखवलं, ही बघ. ती म्हणाली, "आई, ही तर अगदी खरी पारशी बाई वाटतेय."

मी म्हटलं पुण्याची बगदादी ज्यू आहे ती, आणि ते डेव्हिड आपल्या ठाण्याचे, आणि आता सिनेमा पहिल्यापासून लाव, मला ती येते तो सीन नीट बघायचाय.